बंपरला लिप, अकलेला फाटा

आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये दर महिन्याला एका तरी गाडीला नवीन ओठ फुटतो. ओठ म्हणजे लिप. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला लावायची ती पट्टी हो, दोन इंच खाली आलेली, चकचकीत काळी, टोकांना जरा वर वळलेली. सोमवारी सकाळी मालक गाडी मुद्दाम लिफ्टसमोर लावतो, मग चहाच्या वेळी आम्ही चार-पाच जण खाली जातो, गुडघ्यावर बसून बघतो, "भारी दिसतेय यार" म्हणतो. इथपर्यंत सगळं ठीक.

डोकं फिरतं ते पुढच्या वाक्याला. "अरे दिसायचं सोड, हायवेला गाडी काय चिकटून चालते! डाउनफोर्स!"

मंडळी, हे वाक्य मीही म्हटलेलं आहे. एकदा नाही, दहादा. माझ्याकडे सेकंड हँड पोलो आहे. चाकणलाच बनलेली. २०१०मध्ये आपल्याकडे आली आणि २०२२मध्ये बंद झाली, त्यामुळे आता तिचे मालक जरा हळवे झालेत. मीही त्यातलाच. गाडी घेतल्यावर चौथ्या महिन्यात तिला लिप लावली आणि बाबांपासून टीम लीडपर्यंत सगळ्यांना डाउनफोर्सचं प्रवचन दिलं. म्हणून आज जे लिहितोय ते आधी स्वतःच्या थोबाडीत मारून लिहितोय, असं समजा.

आपण सगळे इंजिनियर. चार वर्षं फ्लुइड मेकॅनिक्सच्या नावाने रडलो. मग एकदा तरी गणित करून बघायला काय हरकत आहे? हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरला गाडीसमोरच्या हवेचा गतिज दाब साधारण ४६० पास्कल भरतो. गाडीचं समोरचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटर धरा. आता लिपवर अगदी मेहेरबान होऊन धरू, की तिच्यामुळे पुढच्या बाजूचा उचल-गुणांक ०.०५ने कमी झाला. उत्तर येतं ४६ न्यूटन. म्हणजे पाच किलोला जरा कमी. एक्स्प्रेसवेवर मोटारींची मर्यादाच १००ची आहे, तेव्हा कायद्याने वागलात तर हा तुमचा कमाल डाउनफोर्स. तांदळाची एक पिशवी.

आणि हिंजवडीच्या रस्त्यावर? ताशी ४०ला (तो मिळाला तर!) हाच आकडा पाऊण किलोवर येतो. शेजारच्या सीटवर ठेवलेली तुमची लॅपटॉपची बॅग याच्या तिप्पट वजनाची आहे आणि गाडी हजार किलोच्या वर. बोला आता.

याचा अर्थ लिप हा प्रकारच थापेबाजी आहे असं नाही. जिथे ती जन्मली तिथे तिला काम होतं. पोर्शेच्या ९११चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे नाक हलकं. भरधाव वेगात ते नाक उचललं जायचं. १९७२च्या ९११ एसला पुढच्या बंपरखाली हनुवटीसारखी पट्टी दिली ती याच दुखण्यावर. बीएमडब्ल्यूची ३.० सीएसएल १९७३मध्ये पुढे हवा अडवणारी पट्टी आणि मागे भलेमोठे पंख घेऊन आली, लोकांनी तिचं नाव 'बॅटमोबिल' ठेवलं. पण या गाड्या धावायच्या २०० आणि त्याच्या वर. वेग दुप्पट झाला की बळ चौपट होतं. शिवाय त्यांची पट्टी कुठे, किती, कशी असावी हे मोजून ठरवलेलं होतं. आपली लिप ठरते ती मोबाइलवर, रात्री साडेअकराला, "आपल्या गाडीला बसते का रे?" या एका प्रश्नावर.

तर लिप लावायचं एकच खरं कारण उरतं. छान दिसते.

आणि माझा पहिला मुद्दा हाच आहे, की हे कारण पुरेसं आहे! ते लपवायची आपल्याला लाज का वाटते? आमचं घर वाईजवळ. बेंदराला आजोबा बैलांची शिंगं रंगवायचे, गोंडे बांधायचे, पाठीवर झूल टाकायचे. झुलीमुळे बैलाची ओढ किती टक्क्यांनी वाढते असं गावात कुणी विचारल्याचं ऐकलं नाही. ट्रकवाले ट्रक रंगवतात, रिक्षावाले आरशाभोवती झिरमिळ्या लावतात, आई दारात रांगोळी काढते. आवडतं म्हणून करतात. फक्त आपल्याला, महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणाऱ्या शहाण्यांना, आवडीलाही फायद्याचं सर्टिफिकेट लागतं. आपण 'मला आवडलं' म्हणू शकत नाही, म्हणून 'डाउनफोर्स' म्हणतो.

तुम्ही म्हणाल, एवढीशी थाप, कुणाचं काय बिघडलं?

सांगतो.

माझी पहिली लिप फायबरची होती. शहरातल्या एका दुकानात बसवून घेतली. साडेचार हजार रुपये, तासाभरात काम. फिटिंग करणारा पोरगा हसतमुख होता. मी विचारलं, "निघणार नाही ना रे?" तो म्हणाला, "सर, टेन्शनच घेऊ नका, स्क्रू मारून देतो." आणि त्याने मारले. आठ स्क्रू, सरळ बंपरच्या प्लास्टिकमध्ये, ना वॉशर, ना मागून नट. दोन्ही टोकांना स्टेशनरीच्या दुकानात मिळते तसली डबल टेप. मी मेकॅनिकल इंजिनियर. बाजूला उभा राहून हे बघत होतो आणि फोटो काढत होतो.

आमच्या सोसायटीचा रॅम्प उभा आहे. रोज सकाळी निघताना आणि रोज रात्री आत शिरताना 'खर्रर्र'. सुरुवातीला काळजात चर्र व्हायचं, मग सवय झाली. सवय झाली हे महत्त्वाचं. प्रत्येक खर्रर्रला स्क्रूचं भोक जरा जरा मोठं होत होतं, आणि मी गाण्याचा आवाज वाढवत होतो.

मागच्या पावसाळ्यात घरी निघालो होतो. खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडला, पाऊस थांबलेला, रस्ता ओला, वेग नव्वदच्या आसपास. डावीकडून फडफड असा आवाज आला. एखादी पिशवी अडकली असेल म्हणून मी आरशात बघेपर्यंत कडाड्‌ करून काहीतरी तुटलं. आरशात दिसलं ते असं : चार-साडेचार फुटांचा काळा तुकडा रस्त्यावर उलट्यासुलट्या उड्या मारतोय आणि त्याच्या मागे एक मोटरसायकल. पुढे माणूस, मागे त्याची बायको, दोघांच्या मध्ये पिशवी. गाडी डावीकडे वाकडी झाली, मागचं चाक घसरलं, माणसाने दोन्ही पाय खाली सोडले आणि ते दोघं कसेबसे कडेच्या मातीत जाऊन थांबले.

पडले नाहीत. मागून ट्रक येत नव्हता. यातल्या कुठल्याही गोष्टीत माझं कर्तृत्व शून्य.

मी गाडी कडेला घेऊन धावत मागे गेलो. आता शिव्या बसणार, कदाचित दोन कानाखालीही, आणि त्या घ्यायच्याच अशी तयारी होती. तो माणूस माझ्याच दिशेने येत होता, हातात तो तुकडा घेऊन. म्हणाला, "साहेब, हे तुमचं पडलं." मला काही बोलताच येईना. "पाणी देऊ का" असं काहीतरी पुटपुटलो. त्याची बायको मातीतच बसली होती, पिशवी पोटाशी धरून. तो म्हणाला, "राहू द्या. जरा बघून लावत जा. चला, येतो." आणि तिला उठवून ते निघून गेले.

तुकडा मी डिकीत टाकला. तुटलेल्या कडेच्या फायबरच्या कुसळांनी तळहात नंतर चार दिवस टोचत होता. ते "साहेब" अजून टोचतंय.

आता आपल्या आवडत्या युक्तिवादाकडे येऊ. 'माझी गाडी, माझे पैसे, तुमच्या पोटात का दुखतं?' ही गाडी पार्किंगमध्ये कापड घालून ठेवलेली असेल तर युक्तिवाद शंभर टक्के मान्य. पण रस्त्यावर आलात की तुमच्या पुढे, मागे आणि बाजूला माणसं असतात. तुटून पडलेली लिप मग तुमची राहत नाही, जो मागून येतो त्याची होते. आणि न तुटता जागेवर राहिली तरी तिची किंमत तुम्ही एकटे मोजत नाही. कसं ते बघा.

रॅम्पचं गणित घ्या. मी टेप घेऊन माझ्या गाडीवर मोजलंय. बंपरची खालची कड जमिनीपासून १९० मिलिमीटर, पुढचं चाक जिथे टेकतं तिथून ७५० मिलिमीटर पुढे. सहाला एक अशा चढाच्या तोंडाशी चाक पोचतं तेव्हा बंपरखालचा चढ १२५ मिलिमीटर वर आलेला असतो. राहिलं अंतर ६५. निवांत. लिप लावली, ५० खाली आणि २० पुढे आली. आता कड १४०वर, खालचा चढ १२८वर. राहिलं अंतर १२ मिलिमीटर. ब्रेक मारला की गाडीचं नाक याहून जास्त खाली जातं. म्हणजे घासणारच. यात नशिबाचा, ड्रायव्हिंगच्या कौशल्याचा काही संबंध नाही, नववीची भूमिती आहे.

मग घासू नये म्हणून आपण काय करतो? स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी घालतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शक सूचनांमधला गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच आहे, ताशी २५ने आरामात पार होणारा. तसला असेल तर लिपवाली गाडीही जाईल. पण आपल्या गल्लीतला ब्रेकर म्हणजे रात्रीत डांबर ओतून केलेला ढिगारा. तो चुकीचा आहे, मान्य. त्याबद्दल महापालिकेला जरूर झोडा, मीही येतो. पण तो तिथे आहे हे माहीत असताना लिप लावायचा निर्णय आपला होता. आपण तिरके होतो तेव्हा समोरून येणाऱ्या स्कूटरच्या अर्ध्या रस्त्यात आपलं नाक असतं. ती बिचारी थांबते, पाय टेकते, आणि आपण तिच्यासमोरून सरपटत जातो, कारण आपल्याला साडेचार हजाराचं प्लास्टिक वाचवायचंय.

तिसरी गोष्ट पायी चालणाऱ्याची. गाडीचा बंपर माणसाच्या पायावर आदळला तर काय होईल, हे तपासायला आपल्याकडे एआयएस-१०० हे मानक आहे. पायाच्या आकाराचं उपकरण बंपरवर आदळवून बघतात. बंपरची खालची कड किती पुढे, किती कडक, यावर गुडघा किती वाकणार ते अवलंबून असतं. कंपनीतल्या आपल्यासारख्याच कुणा इंजिनियरने त्या मिलिमीटरांवर महिने घालवलेले असतात. आणि आपण त्याच्या पुढे फायबरची पातळ, टणक धार लावतो, वर स्क्रूची टोकं. २०१७च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना गाड्यांपुढच्या लोखंडी क्रॅशगार्डवर कारवाई करायला सांगितलं, तेव्हा आपणच म्हटलं होतं, "बरं झालं, माणसं मारतात ती." बरोबर. मग तोच आरसा जरा स्वतःसमोरही धरूया.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं : परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लगेच कुणीतरी म्हणणार, "आरसीवर लिपचा रकानाच नाही, मग फरक कुठे पडला?" हा बचाव चालेलही. पण मंडळी, आपण चौकात हवालदारासमोर काय बोलायचं याचीच तयारी करून ठेवतो. त्या मातीत बसलेल्या बाईंसमोर काय बोलायचं याची तयारी मला सांगा. माझ्याकडे नव्हती.

मग काय, लावूच नये का? मी तसं म्हणत नाही. कारण (आता हसू नका) माझ्या गाडीला आज परत लिप आहे. :)

पण ही दुसरी लिप मी स्वतः लावली, दोन शनिवार-रविवार घालवून, आणि पहिल्या वेळी जे बघूनही बघितलं नव्हतं ते सगळं शिकून. थोडक्यात लिहितो, दुकानात उभे राहाल तेव्हा उपयोगी पडेल.

एक, फायबर नको. ते वाकत नाही, तडकतं, आणि तडकलं की सुऱ्या होतात. पॉलियुरेथेनसारखं लवचिक मटेरियल घ्या. हाताने वाकवून बघा. वाकून परत जागेवर आलं पाहिजे. कित्येक गाड्यांना कंपनीच पुढच्या चाकांसमोर लहान काळे पडदे लावून देते, तेही लवचिकच असतात, ते उगाच नाही. उंचीला जितकी कमी तितकी बरी. माझी आता २५ मिलिमीटरच खाली येते.

दोन, बंपर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन जातीचा असतो आणि त्याला साधी टेप धड चिकटतच नाही. आधी साबणाने धुणं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसणं, मग चिकटपणा वाढवणारा प्रायमर, आणि मग चांगल्या प्रतीची अॅक्रिलिक फोम टेप, व्हीएचबी म्हणतात ती. दाबून बसवा. या टेपला पुरती ताकद यायला तीन दिवस लागतात. 'तासाभरात घेऊन जा' म्हणणारा तुम्हाला अर्धवट चिकटलेली लिप घेऊन हायवेला पाठवतोय.

तीन, स्क्रू मारायचे ते खालून, वॉशर लावून, मागे नट-क्लिप घालून. समोरून एकही नाही. सगळ्यात जास्त लक्ष दोन्ही टोकांकडे. एक टोक सुटलं की त्यात हवा शिरते आणि बाकीची पट्टी ती स्वतःच उपटून काढते. माझ्या बाबतीत हेच झालं.

चार, खालच्या जाळीचं तोंड झाकू नका, रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरला हवा लागते. विमा कंपनीला लेखी कळवा.

आणि पाच, दर महिन्याला गाडीखाली आडवे होऊन हाताने ओढून बघा. दर महिन्याला. सर्व्हरचे अलर्ट रात्री दोनला उठून बघतो आपण, हे तर दिवसाउजेडी करायचंय.

एवढं करायची तयारी नसेल तर लावू नका. वेळ नाही म्हणता? मग सजवायलाही वेळ नाही, विषय संपला. त्या पोराला शिव्या घालू नका, त्याला आपणच 'लवकर कर, कमीत कर' म्हटलेलं असतं.

नवीन लिप लावून घरी गेलो तेव्हा बाबा बाहेरच उभे होते. मागचं सगळं त्यांना माहीत होतं, मला वाटलं आता ऐकवणार. त्यांनी वाकून, चष्मा वर करून बघितलं, बुटाच्या टोकाने हलवून बघितलं. मी म्हटलं, "बाबा, याचा उपयोग काही नाही. मला आवडते म्हणून लावली."

"मग तसंच सांगायचं ना पहिल्यापासून," ते म्हणाले. "झूल टाकायला कोण नाही म्हणतं? पण तुझे आजोबा झूल बांधली की आधी बैल अंगणात चालवून बघायचे, त्याच्या पायात येते का ते. मग गावात न्यायचे."

मग दोघंही आत गेलो. चहा तयार होता.